एअर पिस्तूलचे छर्रे: निवडायचे कसे, रेंजवर तपासायचे कसे

क्लबात नवीन आलेल्या नेमबाजाचे शॉट सात-आठच्या रिंगमध्ये विखुरायला लागले की काही महिन्यांत तो एकदा तरी विचारतोच, "सर, पेलेट बदलून बघू का?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर म्हणून त्याला सहसा मिळतं ते कुणाच्या तरी आवडत्या ब्रँडचं नाव. स्वतः मोजून कसं ठरवायचं, हे बसवून कुणी सांगत नाही. इथे तेवढंच सांगतो: १० मीटर एअर पिस्तूलसाठी छर्रे निवडायचे, तपासायचे आणि त्यानंतर त्यांचा विचार डोक्यातून काढून टाकायचा.

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे शौकीन घरच्या प्रेसवर स्वतःची काडतुसं भरतात. गोळी बदलून, दारूचं माप बदलून, प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच शॉट कागदावर मारून आपल्या शस्त्राला काय मानवतं ते शोधतात. आपल्याकडे काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो, त्यामुळे तो छंद इथे रुजलेला नाही. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यातली .२२ ची काडतुसं तर रिमफायर असतात, म्हणजे पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेतच असतो, ती पुन्हा भरताच येत नाहीत. तिथेही नेमबाज कारखान्यातून आलेले वेगवेगळे लॉट, म्हणजे एका वेळी बनलेले गठ्ठे, तपासून त्यातला एक निवडतात. एअर पिस्तूलमध्ये आपण नेमकं हेच करतो, फक्त काडतुसाच्या जागी शिशाचा छर्रा असतो.

कायद्याचं एक वाक्य आधीच. ४.५ मिमी बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेचं एअर पिस्तूल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने फेकतं, म्हणजे साडेपाच ज्यूलच्या आसपास. मर्यादेच्या पुष्कळ आत. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. साडेपाच ज्यूल डोळा फोडायला भरपूर होतात. ही सगळी चाचणी रेंजवर, लेनमध्ये, समोर छर्रे अडवणारी पेटी असतानाच करायची. गच्चीवर नाही, जिन्यात नाही.

छर्रा म्हणजे काय ते आधी हातात घेऊन बघा

स्पर्धेचा छर्रा पुढून सपाट असतो. सपाट डोक्यामुळे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे कागद फाडतात, ते इथे कामाचे नाहीत. डोक्यामागे कंबर, आणि कंबरेमागे पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात. हवा मागून आली की पातळ स्कर्ट फुगून नळीच्या खाचांमध्ये घट्ट बसतो. डोकं छर्र्याला नळीत सरळ धरून ठेवतं. अचूकपणा बिघडतो तो बहुधा या दोन जागी: डोकं नळीच्या मानाने सैल किंवा घट्ट असणं, आणि स्कर्ट चेपलेला असणं.

डबीवर तीन गोष्टी वाचायच्या. पहिली वजन: स्पर्धेचे छर्रे साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचे असतात, हलके पिस्तूलसाठी आणि जड रायफलसाठी असा ढोबळ रिवाज आहे. रिवाजच, नियम नव्हे. अनेक पिस्तुलं रायफलचे जड छर्रे आनंदाने खातात. दुसरी डोक्याचं माप: ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे बाजूला छोट्या चिठ्ठीवर असतात. तिसरी लॉट नंबर. नवीन माणूस पहिल्या दोन गोष्टी वाचतो आणि तिसरी सोडून देतो, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच असते. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन डब्या वेगवेगळ्या साच्यांतून, वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या असू शकतात. त्यामुळे "आरडब्ल्यूएस आर-१० चांगला की एच अँड एन फिनाले मॅच चांगला" या वादाला टोक येत नाही. चांगला असतो तो एक लॉट, तुमच्या एका नळीसाठी.

सुरुवातीच्या सरावाला मात्र आरडब्ल्यूएस हॉबी किंवा एच अँड एन स्पोर्ट यांसारखे स्वस्त छर्रे पुरतात. का पुरतात, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

छर्र्याचा वाटा किती? कागद-पेन्सिल घेऊन बसा

एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिमी. छर्रा ४.५ मिमीचा, आणि रिंगला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत असलं की झालं. एअर रायफलमध्ये दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्यामुळे रायफलवाल्यांचं छर्र्यांचं वेड समजण्यासारखं आहे, पण ते तसंच्या तसं उचलून पिस्तूलमध्ये आणू नका.

आता हाताचा विचार करा. पिस्तूलच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं असं धरा. १० मीटरवर ८ मिमी चुकायला पुढची साईट खाचेत फक्त पाव मिलिमीटर सरकावी लागते. श्वास सोडताना, ट्रिगर दाबताना, खांदा दमल्यावर ती किती वेळा पाव मिलिमीटर सरकत असेल!

दोन चुका एकत्र आल्या की त्यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. हे शाळेतलं प्रमाण विचलन. समजा नवशिक्याचा हात आडव्या आणि उभ्या दिशेने १० मिमी विखुरतो, आणि त्याला वाईटातला वाईट, २ मिमी विखुरणारा छर्रा दिला. एकूण विखुरणं १२ मिमी होईल असं वाटतं, पण १०० अधिक ४ यांचं वर्गमूळ १०.२ येतं. ६० शॉटमध्ये दहाची संख्या सोळाच्या आसपासच राहते, फरक जेमतेम अर्ध्या शॉटचा. आता तोच छर्रा ४ मिमी विखुरणाऱ्या पक्क्या नेमबाजाला द्या. १६ अधिक ४ यांचं वर्गमूळ जवळजवळ ४.५. त्याचे ६० पैकी ५२ दहा असतील तर ते ४८ वर येतात. राज्य स्पर्धेत चार गुण म्हणजे यादीतली बरीच नावं.

माझं मत म्हणून या हिशेबाला जोडूनच सांगतो: साठ शॉटमध्ये ६०० पैकी ५४० च्या खाली असाल तर महागडा छर्रा घेऊ नका. चाचणी मात्र तरीही करा. गुण वाढावेत म्हणून नव्हे, शंका मिटावी म्हणून. शॉट आठमध्ये गेला की "पेलेटच खराब असेल" हे पळवाटेचं वाक्य डोक्यात येतं. छर्रा तपासलेला असला की ती वाट बंद होते आणि माणूस निमूट ट्रिगरकडे बघतो.

चाचणीआधीची तयारी

तीन ते चार प्रकार पुरेत. दहा प्रकार आणून दिवसभर बसलात तर शेवटी आकड्यांच्या ढिगातून आवडीचा आकडा उचलाल. एकच ब्रँड दोन मापांत, दुसरा ब्रँड एका मापात, आणि सध्या वापरताय तो, अशी निवड सुरुवातीला शहाणपणाची. पूर्ण डबी घ्यायची नसेल तर क्लबातल्या मित्रांकडून पन्नास-पन्नास मागून घ्या. लॉट नंबर मात्र त्यांच्या डबीवरून लिहून घ्यायला विसरू नका, नाहीतर आवडलेला छर्रा पुन्हा सापडायचा नाही.

छर्रे डबीतून सरळ नळीत टाकू नका. पांढऱ्या कागदावर ओतून चांगल्या उजेडात स्कर्टकडे बघा. चेपलेला, अंडाकृती झालेला, कडेला शिशाचा तंतू राहिलेला, असे बाजूला काढा. कुरिअरने आलेल्या डबीत असे बरेच निघतात. डबी खुळखुळवून बघायची सवय असेल तर सोडा, शिसं मऊ असतं.

वजन करायचं का? सोनाराच्या काट्यासारखा मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणून प्रत्येक छर्रा तोलणारे लोक मला माहीत आहेत. १० मीटरच्या पिस्तूलसाठी हा वेळेचा अपव्यय आहे. १५० मीटर वेगाने जाणारा छर्रा १० मीटर कापेपर्यंत सुमारे २२ मिमी खाली पडतो. वेग एक टक्क्याने बदलला तर ही घसरण दोन टक्क्यांनी बदलते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. आणि वजनातल्या एका टक्क्याच्या फरकाने वेग एवढाही बदलत नाही. तो वेळ ड्राय फायरला, म्हणजे छर्र्याविना ट्रिगर दाबायच्या सरावाला द्या.

पिस्तूलची नळी साफ करा. दोन-तीन फेल्टचे गोळे, आणि ते काढले की साधे दहा-पंधरा छर्रे मारून नळी पुन्हा रुळू द्या. स्वच्छ नळीतले पहिले शॉट थोडे भटकतात. पिस्तूलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर पूर्ण भरलेला किंवा तळाला गेलेला नको. २०० बारच्या (बार हे दाबाचं एकक) सिलिंडरमध्ये मधल्या पट्ट्यात, साधारण १८० ते १०० बारदरम्यान, सगळी चाचणी उरकेल असं बघा. त्याच वेळी सिलिंडरवर छापलेली तारीखही वाचा. मुदत संपलेला सिलिंडर भरू नये, आणि ती जबाबदारी नेमबाजाचीच असते.

रेंजवरचे पंखे बंद करायला सांगा. आपल्याकडच्या हॉलमध्ये लेनच्या डोक्यावरच पंखे असतात आणि उन्हाळ्यात ते बंद करा म्हटलं की सगळे रागाने बघतात, म्हणून सकाळी लवकरची वेळ बरी. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर असाल, पुण्यात बालेवाडीला असाल किंवा एखाद्या शाळेच्या तळघरातल्या छोट्या क्लबात, आधी तिथल्या प्रशिक्षकांना विचारा: क्लॅम्प आहे का? इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे का? चाचणीसाठी एक लेन तासभर मोकळी मिळेल का?

क्लॅम्पमधली चाचणी

क्लॅम्प म्हणजे पिस्तूल जागच्या जागी घट्ट धरणारा शिकंजा, जड टेबलाला बोल्टने आवळलेला. ग्रिप काढून पिस्तूल त्यात बसवायचं. कुठे आवळायचं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, पार्दिनी, ज्याचं पिस्तूल असेल त्याचं माहितीपत्रक बघा. सिलिंडरवर शिकंज्याचा दाब कधीही येऊ देऊ नका.

आता क्रम असा. पिस्तूल बसलं की कुठल्याही छर्र्याचे पाच-सहा शॉट मारा, म्हणजे शिकंजा आणि टेबल आपापल्या जागी बसतील. मग पहिल्या प्रकाराचे दहा छर्रे नळी रुळवायला, हे मोजायचे नाहीत. त्यानंतर त्याच प्रकाराचे पाच शॉट एका कोऱ्या कार्डावर, कार्ड पुढे सरकवून पुन्हा पाच, असे पाच गट. छर्रा बोटाने सारख्याच दाबाने, डोकं पुढे ठेवून आत ढकलायचा. कधी खोल, कधी वरवर असं झालं तर ती चूक छर्र्याच्या खात्यावर जमा होते. छर्रा भरायची लिव्हर बंद करताना पिस्तूल हलणार नाही एवढ्या हळुवारपणे. दोन शॉटमधलं अंतर साधारण सारखं ठेवा.

प्रत्येक कार्डाच्या मागे लगेच लिहा: छर्र्याचं नाव, माप, लॉट, गटाचा क्रमांक, सिलिंडरचा दाब. "नंतर लिहू" म्हटलं की चहा पिऊन आल्यावर चौथं कार्ड कुठलं ते कुणालाच आठवत नाही. प्रकार बदलला की पुन्हा दहा न मोजायचे शॉट. सगळं संपल्यावर पहिल्या प्रकाराचा एक गट परत मारा. तो सुरुवातीच्या गटांपेक्षा स्पष्ट मोठा निघाला तर मध्ये शिकंजा ढिला झाला असेल किंवा नळीत शिसं साचलं असेल. तसं असेल तर त्या दिवसाचे आकडे फेकून द्या.

नवीन परदेशी पिस्तूलसोबत कारखान्याने मारलेलं एक टेस्ट कार्ड येतं, त्यावर पाच शॉटचं मिळून जवळजवळ एकच भोक असतं. ते कार्ड जपून ठेवा. तुमचा कुठलाच छर्रा त्याच्या आसपास येत नसेल तर छर्रे बदलत बसण्याआधी पिस्तूल आणि शिकंजा तपासा.

क्लॅम्प नसेल तर

बहुतेक क्लबांत नसतोच. मग टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर मनगट आणि ग्रिपचा तळ टेकवायचा, खुर्चीत बसायचं, दोन्ही हातांनी पिस्तूल धरायचं. स्पर्धेत एकच हात चालतो, पण ही स्पर्धा नाही. नळी किंवा सिलिंडर पिशवीला टेकू देऊ नका. अशा बैठकीत साईट धरण्याची चूक थोडी मिसळते, पण उभ्याने मारण्यापेक्षा ती कितीतरी कमी असते आणि खराब छर्रा त्यातही उघडा पडतो.

इथे मित्राची मदत घ्या. छर्रे तीन वाट्यांत काढून मित्राने वाट्यांवर फक्त क, ख, ग लिहायचं आणि तुम्हाला सांगायचं नाही. महाग छर्रा हातात आहे हे माहीत असलं की माणूस जास्त जपून ट्रिगर दाबतो. यात अप्रामाणिकपणा नाही, मन असंच वागतं. मित्राने वाट्यांचा क्रमही फिरवायचा, म्हणजे शेवटच्या वाटीला दमलेला हात मिळणार नाही.

मोजणं, आणि मोजून फसणं

डिजिटल व्हर्नियर शेपाचशेचा असला तरी चालतो. गटातली सर्वांत लांबची दोन भोकं शोधा, त्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या. त्यातून ४.५ वजा केलं की केंद्रापासून केंद्रापर्यंतचं माप मिळतं. कागदाची कड थोडी आत वळते, त्यामुळे हे माप दशांशाने चुकेल. सगळ्या कार्डांवर सारखंच चुकत असेल तर तुलनेला बाधा येत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटची जागा पडद्यावरच मिळते, व्हर्नियरची गरज नाही.

समजा बाहेरून बाहेरची मापं मिलिमीटरमध्ये अशी आली. क: ६.४, ७.९, ६.९, ७.२, ६.६. ख: ६.१, ७.८, ८.४, ६.६, ७.६. ग: ९.८, ८.७, ११.२, ९.१, १०.२.

सगळ्यांत छोटा गट ६.१, म्हणजे 'ख' या छर्र्याचा. नवशिक्या तेच कार्ड खिशात घालतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि ख विकत घेतो. सरासरी काढा: क ७.०, ख ७.३, ग ९.८. क आणि ख यांच्यात जो ०.३ चा फरक दिसतो त्याला काही अर्थ नाही, कारण एकाच छर्र्याचे स्वतःचे गट त्याच्या कितीतरी पट वरखाली होताहेत. पाच शॉटचा गट म्हणजे नशिबाचा मोठा हिस्सा असलेलं माप. केंद्र-ते-केंद्र अंतर बघितलं तर ते आपल्या सरासरीच्या पाव हिश्श्याने इकडे-तिकडे सहज जातं. म्हणून क आणि ख सारखेच धरा. ग मात्र बाद. त्याचा सर्वांत चांगला गट इतरांच्या सर्वांत वाईट गटाहूनही मोठा आहे, तिथे शंकेला जागा नाही.

क आणि ख मधून कुठला? जो स्वस्त असेल तो. तेही सारखं असेल तर जो तुमच्या गावच्या दुकानात नेहमी मिळतो तो.

फ्लायरचं काय, म्हणजे चार शॉट एका भोकात आणि पाचवा भलतीकडे? "तो सोडून दिला तर गट ५.५ चा आहे" असं म्हणायचा मोह आवरा. क्लॅम्पमधून मारलेला फ्लायर छर्र्याचाच असतो, आणि तो स्पर्धेतही येणार आहे. फक्त तुम्हाला मारतानाच कळलं असेल की छर्रा तिरका बसला, तर तो गट पुन्हा मारा. तसं वहीत लिहा.

आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. छर्रा बदलला की गट कार्डावर वेगळ्या जागी पडतो, दोन-चार मिलिमीटर खाली किंवा उजवीकडे. हा दोष नाही, साईटचे स्क्रू काही क्लिक (एकेक खाच) फिरवले की भागतं. आपण बघतोय ते गट किती आवळलेला आहे, कुठे आहे हे नंतर.

शेवटची पायरी उभ्याने

निवडलेला छर्रा घेऊन साईट पुन्हा बसवा आणि मग नेहमीसारखं, एका हाताने, ६० शॉटचा पूर्ण सराव सामना मारा. यात छर्र्यांची तुलना करायची नाही. तुमच्या हाताच्या विखुरण्यात ती दिसणारच नाही. बघायचं ते एवढंच की छर्रे पटकन बसताहेत का, बोटाला अडकताहेत का, ७५ मिनिटांत लय बिघडतेय का. काही छर्रे गटात उत्तम असतात पण नळीच्या मागच्या, भरायच्या तोंडाशी इतके घट्ट की प्रत्येक वेळी अंगठ्याने रेटावं लागतं. साठ वेळा रेटलं की अंगठा दुखतो, आणि ग्रिप धरणारा हात तोच असेल तर दुखणं कार्डावर उतरतं. माझ्या मते असा छर्रा अर्ध्या मिलिमीटरने सरस असला तरी सोडून द्यावा.

सुरक्षेच्या गोष्टी

चाचणी असली तरी रेंजचे हुकूम तेच. "स्टॉप" म्हटलं की लिव्हर उघडी, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) नळीत, हात टेबलावरून बाजूला. कार्ड बदलायला पुढे जाणारा माणूस असेल तर क्लॅम्पमधल्या पिस्तूललाही हात लावायचा नाही. ते स्थिर आहे म्हणून निर्धोक आहे असं नव्हे. शिसं पेटीवरून उडून परत येतं, चष्मा घाला. क्लॅम्पजवळ वाकून कार्डाकडे बघायची सवय जडते, तेव्हा तर नक्कीच.

छर्रे ओठांत धरायचे नाहीत. जुन्या लोकांना ही सवय असते, बघून उचलू नका. बोटांवर येणारा काळा थर शिशाचा असतो. चाचणी संपेपर्यंत खाणं-पिणं नाही, नंतर साबणाने हात धुवायचे, आणि त्या वाट्या पुन्हा स्वयंपाकघरात न्यायच्या नाहीत. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात उघड्या डबीतल्या छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते. तेही शिशाचंच, आणि नुसत्या शिशापेक्षा अंगात सहज जाणारं. असे छर्रे पुसून वापरायचे नाहीत, वेगळे बांधून टाकून द्यायचे. चांगल्या डब्या झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुडीसोबत मोठ्या डब्यात ठेवल्या तर पावसाळा निभावतो.

किती घ्यायचे

लॉट आवडला की लगेच घ्या, पुढच्या महिन्यात दुकानात तो असेलच असं नाही. हिशेब सोपा आहे: आठवड्याला किती शॉट मारता, मोसम किती आठवड्यांचा. आठवड्याला २५० शॉट मारणाऱ्याला ५०० ची एक डबी दोन आठवडे जाते. पण तपासलेला लॉट सगळा सरावात उडवू नका. रोजच्या सरावाला साधा छर्रा, आणि तपासलेल्या लॉटच्या तीन-चार डब्या स्पर्धांसाठी आणि त्याआधीच्या आठवड्यासाठी राखून ठेवायच्या. जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर असा नव्या नेमबाजाचा मोसम चालतो. (लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते, त्यांच्याच नावाची ही स्पर्धा.) साठ शॉट आणि त्याआधीचे साईटिंगचे शॉट धरले तरी एका स्पर्धेला शंभर छर्रे होतात. तीन डब्यांत मोसम आरामात निघतो.

सराव आणि स्पर्धेचे छर्रे वेगळे ठेवणार असाल तर दोन्हींचा गट कार्डावर कुठे पडतो, त्यात किती क्लिकचा फरक आहे, ते वहीत लिहून ठेवा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात साईट त्याप्रमाणे फिरवा, स्पर्धेच्या सकाळी नाही.

लॉट संपत आला की शेवटचे पन्नास छर्रे उडवू नका. ते वेगळ्या डबीत, लॉट नंबरच्या चिठ्ठीसह ठेवा. नवीन लॉट तपासायला बसाल तेव्हा तुलनेसाठी तेच पहिल्या वाटीत जातील.